आश्वासनं देऊन ते गेले, जाब मला विचारतात

वाचकाचं पत्र

नमस्कार,

मी विद्युत अभियंता आहे. जमिनीवरच्या एका मोठ्या पवनऊर्जा प्रकल्पात काही वर्षं काढल्यावर गेल्या वर्षी कंपनीने मला एका बेटावर साइट इनचार्ज म्हणून पाठवलं. इथे चार पवनचक्क्या आहेत, एक बॅटरी आहे, आणि बेटाचं जुनं डिझेल पॉवर हाऊस आहे, जे दुसऱ्याच संस्थेच्या ताब्यात आहे. बेट मुख्य ग्रिडला जोडलेलं नाही. माझ्या हाताखाली दोन टेक्निशियन. तेही बाहेरचे, आळीपाळीने येणारे.

मशीनची मला काळजी नाही, माणसांनी जीव मेटाकुटीला आलाय. डेव्हलपमेंट टीम परवानग्या, जमिनी, उभारणी सगळं आटोपून पुढच्या प्रकल्पावर गेली. त्यांनी लोकांना काय काय सांगून ठेवलंय ते मला रोज एकेक करून कळतं. वीजबिल निम्मं होईल. मुलांना नोकऱ्या मिळतील. जेटीपासूनचा रस्ता पुन्हा करून देऊ. माझ्याकडच्या फाइलमध्ये यातलं काहीच नाही. परवा एका आजींनी मला घरात बोलावलं आणि प्रकल्पाच्या आधीचं व नंतरचं अशी दोन बिलं टेबलावर शेजारीशेजारी ठेवली. बोलल्या काहीच नाहीत.

वारा सुटलेला असताना पाती थांबलेली दिसली की लोक रस्त्यात अडवून विचारतात. पॉवर हाऊसमधले जुने ऑपरेटर माझ्याशी धड बोलत नाहीत. मी त्यांच्या पोटावर पाय द्यायला आलोय असं त्यांना वाटतं. वीज गेली की रात्री दार माझंच वाजतं, मग फॉल्ट कुणाच्याही फीडरवर (वीज वाटणाऱ्या लाइनवर) असो. वरिष्ठ म्हणतात, 'तुझं काम अव्हेलेबिलिटी. ती 97 टक्के आहे, उत्तम आहे. बाकीच्यात पडू नकोस.' मी बदली मागावी का? की लोकांना सरळ सांगून टाकावं की हे काही मी बोललेलो नाही?

एक साइट इनचार्ज

उत्तर

नमस्कार.

दुसऱ्या प्रश्नाचं आधी. 'हे मी बोललेलो नाही' हे वाक्य खरं आहे, पण ते एकदाच बोलता येतं. दुसऱ्यांदा बोललात की लोक तुम्हालाही त्याच यादीत घालतील. डेव्हलपर वेगळा, ऑपरेटर वेगळा, पॉवर हाऊस वेगळं, हे बेटावरच्या माणसाला कळत नाही असं समजू नका. त्याला ते चांगलं कळतं आणि त्याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. त्याच्या घरातून चार टॉवर दिसतात आणि त्या टॉवरपाशी रोज सकाळी जाणारा एकच माणूस त्याला माहीत आहे. सबस्टेशनच्या किल्ल्या ताब्यात घेतल्या त्या दिवशीच आधीच्यांनी दिलेला शब्दही तुमच्याकडे आला. सही कुणी घेतली नाही, एवढंच.

डेव्हलपमेंटच्या लोकांना मी फार दोष देणार नाही. ते कामच वेगळ्या पिंडाच्या माणसाचं आहे. रिकाम्या माळावर मास्ट लावून वर्षभर तरी वारा मोजायचा, जमीनमालकांना एकेक करून राजी करायचं, पक्षी, आवाज, पात्यांची सावली यांचे अहवाल जमवायचे, बँकेला पटवायचं, आणि यातले बरेच प्रकल्प वाटेतच मरतात हे माहीत असूनही दर सभेला नव्या उमेदीने उभं राहायचं. पटकन खचणाऱ्या माणसाला हे जमायचंच नाही. अशा माणसाला सभेत कुणी विचारलं, 'वीज स्वस्त होईल का हो?', तर 'का नाही होणार?' हेच उत्तर येणार. बहुतेक वेळा तो खोटं बोलत नसतो. त्याला पुढची वीस वर्षं तिथे राहायचं नसतं. कमिशनिंगची, म्हणजे प्रकल्प प्रत्यक्ष चालू करण्याची, तारीख गाठली की त्याचा हिशोब मिटतो. तुमचा तिथून सुरू होतो.

मुख्य भूमीवर हे खपून जातं, कारण तिथे वस्ती लांब असते, लोकांना इतर शंभर विषय असतात आणि साइटवरची माणसं सतत बदलत राहतात. बेटावर सभेला आलेला प्रत्येक जण तुम्हाला आठवड्यातून दोनदा समोर येतो.

म्हणून ज्या बेटांचं चांगलं चाललं, तिथे उभारणारे आणि राहणारे हे वेगवेगळे लोक नव्हतेच, असं दिसतं. डेन्मार्कच्या सामसो बेटाचं उदाहरण तुम्हाला माहीत असेल. 1997 मध्ये या बेटाने सरकारी स्पर्धा जिंकली: दहा वर्षांत आपल्या गरजेची ऊर्जा नवीकरणीय साधनांतून मिळवायची. काम पुढे नेलं ते सोरेन हेर्मान्सन या तिथल्याच शिक्षकाने. सभा घेतल्या, मग पुन्हा घेतल्या, विरोध करणाऱ्यांच्या घरी जाऊन बसला. 2000 मध्ये जमिनीवर प्रत्येकी 1 मेगावॉटच्या 11 पवनचक्क्या आल्या; त्यातल्या 9 शेतकऱ्यांच्या, 2 छोट्या भागधारकांच्या. मग 2003 पर्यंत दक्षिणेला समुद्रात 2.3 मेगावॉटच्या 10 उभ्या राहिल्या आणि त्यातल्या 5 नगरपालिकेने घेतल्या. तिथे पातं थांबलं की माणूस आधी स्वतःच्याच पैशाची काळजी करतो. तुमच्या प्रकल्पाची मालकी बदलणं तुमच्या हातात नाही, हे मला कळतं. पण शब्द देणारा माणूस उद्याही भेटणार आहे, ही जी तिथल्या लोकांची खात्री होती, ती तुम्ही देऊ शकता. तुम्ही तिथे आहात.

उलट बाजूला स्कॉटलंडच्या उत्तरेचं शेटलंड बघा. तिथला 103 पवनचक्क्यांचा, 443 मेगावॉटचा प्रकल्प 2024 मध्ये सुरू झाला. त्याआधी बेटावर उभी फूट पडली होती. विरोधक ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 2015 मध्ये हरले. सुरुवातीच्या आखणीत स्थानिक न्यासाची मोठी भागीदारी होती. 2019 मध्ये न्यासाने आणखी पैसे न घालण्याचं ठरवलं आणि प्रकल्प मोठ्या कंपनीचा झाला. समाजासाठी वार्षिक निधी मिळतो, तरी 'आमच्या डोंगरावर एवढा वारा आणि आमचंच बिल एवढं का' हा प्रश्न तिथेही संपलेला नाही. तेव्हा आजींनी दोन बिलं ठेवली तशी बिलं जगभर टेबलांवर पडली आहेत. तुम्ही एकटे नाही आहात, आणि याने तुमचं दुखणं कमी होणार नाही हेही मला माहीत आहे.

आता करायचं काय. आधी एक वही घ्या. प्रत्येक आश्वासन लिहा: काय सांगितलं, कुणी सांगितलं, कुठल्या सभेत, ऐकणारं कोण. लोकांसमोर लिहा, त्यांना वाचून दाखवा. अर्ध्याहून जास्त राग इथेच उतरतो, कारण आतापर्यंत कुणी लिहूनच घेतलेलं नसतं. मग मुख्य कार्यालयाकडून हस्तांतराची पूर्ण फाइल मागवा. तुमच्याकडे आलेली फाइल यंत्रांची असणार, ती मी म्हणत नाही. परवानगीचा आदेश, त्याच्या अटी, जमिनीचे भाडेकरार, जनसुनावणीचं इतिवृत्त, सभेत दाखवलेल्या स्लाइड्स, हे सगळं हवं. तुम्ही म्हणता फाइलमध्ये काही नाही. मला शंका आहे, तुम्हाला दिलेल्या फाइलमध्ये नाही. आवाजाची मर्यादा, उभारणीत खराब झालेला रस्ता पूर्ववत करणं, आयुष्य संपल्यावर टॉवर उतरवण्यासाठी पैसे बाजूला ठेवणं, अशा गोष्टी अनेक ठिकाणी परवानगीच्या अटींमध्येच असतात. पात्यांचे लांबलचक ट्रेलर ज्या रस्त्याने गेले तो रस्ता अटींमध्ये सापडला, तर तो मेहेरबानीचा विषय उरत नाही. तसं निघालं तर सगळ्यात आधी रस्ता हाती घ्या. खडी पडलेली दिसली की तुमच्या बाकीच्या बोलण्याला वजन येईल.

आजींचं बिल मात्र अवघड आहे, आणि तिथे गोड बोलू नका. पवनचक्की बसली म्हणून बिल आपोआप उतरत नाही, कारण बिल पवनचक्की ठरवत नाही. दर ठरवणारी यंत्रणा ठरवते. बेटावर डिझेलची वीज मुळात महाग पडते, आणि पुष्कळ देशांत हा जादा खर्च सरकार किंवा इतर ग्राहक उचलतात, जेणेकरून बेटावरच्या माणसाला बाकीच्यांच्याच दराने वीज मिळावी. मग वाऱ्याने डिझेल वाचवलं की ती बचत ज्याच्या खिशातून सबसिडी जात होती त्याच्या खिशात परत जाते. स्पेनच्या एल हिएरो बेटावर 2014 पासून 11.5 मेगावॉटचा पवनप्रकल्प आहे, जोडीला पाणी वर चढवून साठवणारं जलविद्युत केंद्र आहे, जग बघायला जातं. पण तिथल्या घरातला दर स्पेनमधल्या इतरांसारखाच आहे. फरक इतकाच की त्या प्रकल्पात सगळ्यात मोठा हिस्सा बेटाच्या स्थानिक शासनाचा आहे, त्यामुळे नफ्यातला वाटा बेटाच्या तिजोरीत येतो.

तुमच्या बेटावर दर कसा ठरतो ते आधी नीट समजून घ्या आणि मग आजींकडे जा. त्यांची दोन्ही बिलं मागून घ्या, ओळ न ओळ समजावून सांगा: हा इंधन आकार, हा स्थिर आकार, हा कर, आणि इथे वाऱ्याचा काही संबंध येतो, इथे नाही. शेवटी स्पष्ट सांगा, 'निम्मं होईल असं तुम्हाला सांगितलं गेलं, ते होणार नाही.' हे ऐकून त्या चिडतील. चिडू द्या. त्यांना एकदा खरं सांगणारं कुणी भेटलं, हेही त्या लक्षात ठेवतील.

आणि मग कंपनीकडे निम्म्या बिलाऐवजी काय देता येईल ते मागा. स्कॉटलंडमध्ये शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दर मेगावॉटमागे वर्षाला 5,000 पौंड समाजनिधीला द्यावेत असा संकेत आहे, महागाईप्रमाणे वाढत जाणारे. तुमच्याकडे असा नियम नसेल तरी मागणीला आकडा असला की बोलणं पुढे सरकतं. गीगा नावाच्या छोट्या स्कॉटिश बेटावर लोकांनी 2002 मध्ये अख्खं बेटच विकत घेतलं आणि मग प्रत्येकी 225 किलोवॉटच्या, आधी वापरलेल्या तीन पवनचक्क्या आणून बसवल्या. मिळकतीतून पडकी घरं दुरुस्त झाली. त्यांनी विकत घेतलेली मशीन जुनी होती, म्हणून पुढच्या मशीनसाठी पैसे बाजूला टाकायची सवयही त्यांना लागली. घराचं छप्पर दुरुस्त झालेलं दिसतं. बिलातली पाच टक्के कपात कुणाच्या नजरेतही येत नाही. हे माझं मत आहे, पण आजवर मला ते बदलावंसं वाटलेलं नाही.

आता तुमच्या 97 टक्क्यांकडे येऊ. तुमच्या वरिष्ठांनी हा आकडा लोकांसमोर कधी उच्चारू नये, असं त्यांना माझ्या वतीने सांगा. अव्हेलेबिलिटी म्हणजे मशीन चालायला तयार होतं का. ते चाललं का, हा वेगळा प्रश्न. कंत्राटात साधारणपणे तयार असलेलं पण थांबवून ठेवलेलं मशीन 'उपलब्ध' याच रकान्यात जातं. त्यामुळे तुमचा रिपोर्ट उत्तम येतो त्याच आठवड्यात लोकांना भर वाऱ्यात दोन पंखे गप्प उभे दिसतात. दोघंही खरं बोलत असतात.

का थांबवतात, हे तुम्हाला माहीत आहे, पण ज्यांना सांगायचं त्यांच्यासाठी मांडून बघतो. समजा, रात्री बेटाची एकूण मागणी 600 किलोवॉट आहे. पॉवर हाऊसमध्ये 1000 किलोवॉटचा डिझेल सेट चालू आहे. डिझेल इंजिन फार हलक्या लोडवर चालवता येत नाही; साधारण क्षमतेच्या 30 टक्क्यांखाली गेलं की इंधन अर्धवट जळतं, सिलिंडरवर थर बसतो, एक्झॉस्टमधून ओलं तेल येतं, आणि पुढे इंजिन उघडावं लागतं. म्हणजे डिझेलला किमान 300 किलोवॉट द्यावेच लागतात. वाऱ्याच्या वाट्याला उरले 300. तुमच्या चार पवनचक्क्या त्या वेळी त्याच्या कितीतरी पट देऊ शकत असतील, पण घेणार कोण? म्हणून दोन थांबवायच्या, उरलेल्यांची पाती थोडी वळवून त्यांना आवरायचं. शिवाय वारा फारच वाढला, ताशी 90 किलोमीटरच्या आसपास, की बहुतेक मशीन स्वतःच्या सुरक्षेसाठी आपोआप थांबतात. लोकांना नेमकं तेव्हाच वाटतं की आता तर धो धो वीज बनत असणार.

यावर मी सुचवेन तो उपाय फुकटातला आहे. जेटीवर, जिथे सगळे येतात, एक फळा लावा. रोज सकाळी त्यावर खडूने लिहा: कुठली मशीन चालू, कुठली बंद, बंद असेल तर का. 'तीन नंबर बंद, पाती वळवणाऱ्या मोटरचा पार्ट येतोय, बोटीच्या पुढच्या फेरीत.' 'रात्री 11 ते 4 दोन मशीन थांबवल्या, मागणी कमी होती.' काल वाऱ्यातून किती युनिट आले आणि डिझेल किती जळलं, हेही. लपवण्यासारखं त्यात काही नाही, आणि एकदा लिहायला लागलात की लोक रस्त्यात अडवून 'का बंद' विचारणार नाहीत. 'पार्ट आला का' विचारतील. हा प्रश्न परवडतो. मुख्य कार्यालयाचा संपर्क विभाग कदाचित म्हणेल की आधी आम्हाला दाखवा. दाखवा, पण फळा त्याआधीच लागलेला असू द्या.

त्या थांबवलेल्या विजेवरून आपोआप पॉवर हाऊसमधल्या माणसांकडे यावं लागतं. तुमच्या पत्रात त्यांना तुम्ही अडसर म्हणून पाहता आहात असं मला वाटलं, आणि तिथे मला तुमचं पटत नाही. किमान लोड सांभाळणारे ते, वाऱ्याचा झोत पडला की फ्रिक्वेन्सी खाली जाताना पहिल्यांदा ऐकणारे तेच. हो, ऐकणारे, जुना ऑपरेटर मीटरकडे पाहण्याआधी इंजिनाचा आवाज बदललेला ओळखतो. तुमच्या स्काडाच्या, म्हणजे मशीनवर दुरून नजर ठेवणाऱ्या संगणक यंत्रणेच्या, पडद्यावर ट्रिपची (आपोआप बंद पडल्याची) नोंद सेकंदांत येते. कुठल्या दिशेचा वारा आला की कुठला फीडर आधी लोळतो, हे मात्र त्यांच्या लॉगबुकमध्ये, नाहीतर डोक्यात आहे.

त्यांना एकच गोष्ट ठाम सांगा, कारण ती खरी आहे: डिझेल उद्या जाणार नाही. एल हिएरोचंच बघा. 2019 च्या उन्हाळ्यात त्या बेटाने सलग 24 दिवसांहून जास्त काळ फक्त वारा आणि पाण्यावर काढला. तरी वर्षभराचा हिशोब धरला तर नवीकरणीय वाटा निम्म्याच्या आसपासच राहतो. उरलेलं डिझेल केंद्र भागवतं. ऑस्ट्रेलियाच्या किंग आयलंडवर 1998 मध्ये पहिल्या तीन पवनचक्क्या आल्या, 2003 मध्ये आणखी दोन. डिझेल पूर्ण बंद करून काही काळ बेट चालवणं जमलं ते फार पुढे, फ्लायव्हील (ऊर्जा साठवणारं जड फिरतं चाक), बॅटरी आणि जादा वीज जिरवणारा मोठा रेझिस्टर हे सगळं जोडल्यावर. ज्या रात्री वारा मरतो त्या रात्री तिथेही इंजिनच लागतं, आणि ते सुरू करणारा माणूस लागतो. फक्त त्याचं काम बदलतं. सतत चालवण्याऐवजी हवं तेव्हा बिनचूक चालू करणं, हे काम सोपं नाही. जास्त अवघड आहे.

मग त्यांच्या नियंत्रण कक्षात बसा. बोलावण्याची वाट पाहू नका, लॉगबुक वाचायला मागा. त्यांना विचारा की रात्रीची वाया जाणारी वीज कुठे लावता येईल. बेटावर कुठला पंप रात्री चालवता येतो, बर्फाचा कारखाना किंवा पाणी गोडं करायचं यंत्र आहे का, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसणार. स्कॉटलंडच्या एग बेटावर 2008 पासून वारा, पाणी आणि सूर्य यांच्या जोडीवर सगळी व्यवस्था चालते. जादा वीज झाली की तिथल्या सार्वजनिक इमारती गरम होतात. आणि तुटवडा पडू नये म्हणून प्रत्येक घराला एका वेळी 5 किलोवॉटची मर्यादा आहे, व्यवसायांना 10. ही मर्यादा लोकांनी आपापसांत ठरवली. बाहेरच्या इंजिनीअरने लादली असती तर पहिल्याच थंडीत बोंब झाली असती.

एगवरूनच नोकऱ्यांचा विषय. तिथली यंत्रणा बेटावरच राहणारी, प्रशिक्षण घेतलेली माणसं अर्धवेळ सांभाळतात. तुमच्याकडे मुलांना गेटवर बसवलं असेल, बहुतेक ठिकाणी तसंच होतं, आणि मग 'नोकऱ्या दिल्या' असं अहवालात येतं. तुमच्या टीममधला पुढचा माणूस बेटावरचा असला पाहिजे, टेक्निशियन म्हणून. उंचीवर काम, प्रथमोपचार, आग, वजन उचलणं, यांचे ग्लोबल विंड ऑर्गनायझेशनचे मूलभूत सुरक्षा कोर्स असतात. जिथे बोटीने कामावर जावं लागतं तिथे समुद्रातल्या बचावाचाही. दर दोन वर्षांनी उजळणी करावी लागते. ही प्रमाणपत्रं जगभर चालतात. म्हणून वरिष्ठ हमखास म्हणतील, 'शिकवला की पळून जाईल.' काही जातील. जाऊ द्यात. एखादा राहील, आणि तो एखादा पुढच्या वेळी बोट बंद असताना कामाला येईल.

शिकवायला सुरुवात छोट्या गोष्टीपासून करा. टॉवरचे भाग जिथे जोडलेले असतात तिथल्या बोल्टवर एक रंगाची रेघ मारलेली असते, नटावरून वॉशरवर उतरणारी. नट तसूभर फिरला की ती रेघ तुटते. नव्या पोराच्या हातात टॉर्च द्या आणि अख्खी रिंग तपासायला सांगा, एकेक बोल्ट. काहींना दहाव्या बोल्टपाशी कंटाळा येतो. जो शेवटपर्यंत त्याच नजरेने बघतो आणि वर विचारतो की इथे रंगाखालून गंज का फुगलाय, तो तुमचा माणूस. खाऱ्या हवेत हा प्रश्न विचारणारा डोळा पदवीपेक्षा मोलाचा असतो, कारण मीठ कनेक्टरमध्ये, पॅनेलच्या बिजागरीत, केबलच्या ग्लँडमध्ये शांतपणे काम करत राहतं आणि स्काडाला ते शेवटी कळतं.

वरिष्ठांना उत्तर द्यायचं झालं तर एवढंच द्या की 'बाकीचं' म्हणतात त्या कामासाठी जगात पगारी माणसं ठेवतात. अमेरिकेच्या ब्लॉक आयलंडजवळ 2016 मध्ये त्या देशातला पहिला समुद्रातला पवनप्रकल्प सुरू झाला, 6 मेगावॉटच्या 5 पवनचक्क्या. तिथे मच्छीमारांशी बोलण्यासाठी विकासकाने वेगळा संपर्क माणूस नेमला होता. पुढे किनाऱ्याजवळ केबल पुरेशी खोल न गेल्याने उघडी पडली आणि पुन्हा पुरावी लागली. अशा वेळी किनाऱ्यावर ओळखीचं तोंड असणं किती पैशांचं असतं, हे कुठल्याही वित्त विभागाला कळायला हवं. तुमच्यावर हे काम फुकटात पडलंय आणि वर 'त्यात पडू नकोस' असंही ऐकावं लागतंय. दोन्ही एकदम चालणार नाही. एकतर कामाच्या तासांत ते धरा, नाहीतर माणूस द्या, असं लेखी मागा.

रात्रीच्या दाराबद्दल मी कडक आहे. दार वाजलं तर उघडा, फोन करून पॉवर हाऊसला विचारा, आलेल्या माणसाला फॉल्ट कुठे आहे ते सांगा. टॉवरवर चढू नका. एकट्याने तर कधीच नाही. दोघांपैकी एक टेक्निशियन बोटीत अडकला असेल आणि वर जायला जोडीदार नसेल, त्या दिवशी मशीन बंद राहील, आणि फळ्यावर तसं लिहायचं. नॅसेलमध्ये, म्हणजे टॉवरच्या माथ्यावरच्या यंत्राच्या खोलीत, कुणी जखमी झाला तर जमिनीवरच्या प्रकल्पात तासाभरात मदत येते; तुमच्याकडे हवामानाने परवानगी दिली तर येईल. म्हणून दोरावरून खाली उतरवण्याची तालीम तुम्हीच करा, आणि बेटावर आग विझवणारं स्वयंसेवकांचं पथक असेल तर त्यांना सोबत घ्या. त्याने सुरक्षा वाढतेच, आणि तरुण पोरं टॉवरवरून लोंबकळताना बघायला सगळं बेट जमतं. तुमच्या प्रकल्पाला मिळेल अशी यापेक्षा चांगली सभा नाही.

राहिली बदली. आज मागू नका. रस्त्याचा कागद शोधा, फळा लावा, पॉवर हाऊसमध्ये बसायला लागा, आणि वारा पडणारा मोसम एकदा जाऊ द्या. मोठी देखभाल तेव्हाच निघते, लोकांशी बसायला वेळही तेव्हाच मिळतो. तोवर कंपनीने वहीतल्या एकाही ओळीची जबाबदारी लेखी घेतली नाही, तर मात्र खुशाल मागा, आणि कारण लपवू नका. दुसऱ्यांनी दिलेला शब्द पाळायची तुमची तयारी असेल, पण तो पाळायला लागणारे पैसे आणि अधिकार तुमच्याकडे नसतील, तर तुम्ही तिथे फक्त शिव्या खायला बसवलेले आहात, आणि असं बसणं कुणाच्याच हिताचं नाही.

एक मागणी मात्र आजच पाठवा, बाकी सगळ्याआधी. वर्षभर, रात्रंदिवस एकच माणूस ऑन-कॉल, हे चालवण्याचं वेळापत्रक नाही. तुमच्या जागी येऊन बसेल असा बदली इंजिनीअर ठरावीक काळाने आला पाहिजे, आणि तो दर वेळी तोच असला पाहिजे, म्हणजे बेट त्यालाही ओळखेल. त्याला वही वाचायला द्या. तुम्ही परत येईपर्यंत त्याने त्यात नवीन काही आश्वासन लिहून ठेवू नये, एवढी ताकीद द्यायला विसरू नका.